खांद्यावरचा आकडा

माणसांप्रमाणे आकड्यांनाही आपापली बसायची जागा असते. बहुतेक आकडे प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखे मुकाट्याने एका ओळीत उभे असतात. पण एखादा आकडा असा लाडावलेला असतो की तो थेट दुसऱ्याच्या खांद्यावर चढून बसतो. जत्रेत बापाच्या खांद्यावर बसलेले पोर सगळ्यांत लहान असून सगळ्यांत उंच दिसते ना, तसा. अंगाने बारीक, पण रुबाब केवढा! दहाच्या खांद्यावर दोन बसला की शंभर होतात, सात बसला की कोटी होतात आणि नऊ बसला की अब्ज. या आकड्याला घातांक म्हणतात आणि बिचारा जो त्याला खांद्यावर घेतो, त्याला पाया.

मराठीच्या प्राध्यापकाने या भानगडीत पडायचे खरे तर कारण नाही. हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या गावी मी वीसेक वर्षे मराठी शिकवतो आहे. वृत्ते, अलंकार, समास, संतवाङ्मय यांतच माझा काळ जातो आणि गणिताशी माझा संबंध पगाराच्या तारखेपुरता येतो. पण घरात आठवीतली मुलगी असली की बापाला सगळेच विषय घ्यावे लागतात. गेल्या वर्षी आमच्या कन्येने घातांकाचे नियम वहीत ओळीने उतरवून आणले आणि ती ते रामरक्षा म्हणावी तसे पाठ करू लागली. ‘गुणाकारात बेरीज, भागाकारात वजाबाकी, घाताच्या घातात गुणाकार.’ दोन दिवसांनी विचारले, तर बेरजेच्या जागी गुणाकार आणि गुणाकाराच्या जागी बेरीज! पाठांतराचे असेच असते. दोरा तुटला की मणी कुठल्या कुठे जातात.

तिची पहिली तक्रार नावाविषयीच होती. “बाबा, घात म्हणजे वाईट ना? विश्वासघात, अपघात. मग गणितात कोणाचा घात होतो?”

हा प्रश्न मात्र माझ्या हद्दीतला होता. मी तिला सांगितले की आपल्या जुन्या गणित्यांनी गुणाकाराला हनन, वध, घात अशी नावे दिली आहेत. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेली ‘लीलावती’ उघडली तर आकडे एकमेकांना सारखे मारीत असतात. रक्त मात्र कोठे सांडत नाही. तेव्हा घात म्हणजे गुणाकार. एकाच संख्येला तिनेच पुन्हा पुन्हा गुणायचे, आणि किती वेळा मांडून गुणायचे ते खांद्यावर लिहून ठेवायचे. दोनाच्या खांद्यावर तीन म्हणजे दोन त्रिक सहा नव्हेत. दोन तीनदा मांडायचे आणि त्यांचा गुणाकार करायचा: दोन दुणे चार, चार दुणे आठ.

“एवढंच?” ती म्हणाली.

एवढेच. बाकी सारे यातूनच निघते. तिचे अडत होते ते बेरीज कधी आणि गुणाकार कधी, या ठिकाणी. तेव्हा मी माझे जुने शस्त्र बाहेर काढले, समासाचा विग्रह.

जुन्या संस्कृत बीजगणितात घातांना आकडे न देता नावे देत. दुसऱ्या घाताला वर्ग, तिसऱ्याला घन. चौथा आला की वर्गवर्ग, म्हणजे वर्गाचा वर्ग. सहाव्याला म्हणत घनवर्ग. त्याचा विग्रह कर, असे मी तिला म्हटले. ती म्हणाली, “घनाचा वर्ग. षष्ठी तत्पुरुष.” बरोबर. घन म्हणजे तीनदा मांडणे आणि त्याचा वर्ग म्हणजे ते तीन पुन्हा दोनदा मांडणे. तीन दुणे सहा. दोनाचा घन आठ, आठाचा वर्ग चौसष्ट, आणि चौसष्ट हाच दोनाचा सहावा घात. आता पाचव्याचे नाव पाहा: वर्गघनघात. याचा विग्रह काय? जरा थांबून ती म्हणाली, “वर्ग आणि घन यांचा घात. आत द्वंद्व आहे.” इथे दोनदा मांडलेले आणि तीनदा मांडलेले शेजारी शेजारी उभे केले, दोन आणि तीन मिळून पाच. चार आणि आठ यांचा गुणाकार बत्तीस, तोच दोनाचा पाचवा घात.

ती वहीत पाहत राहिली आणि एकदम म्हणाली, “म्हणजे ‘चा’ आला की गुणाकार आणि ‘आणि’ आला की बेरीज!”

वाचकहो, इतक्या वर्षांत माझ्या वर्गातल्या कोणी तत्पुरुष आणि द्वंद्व यांतला फरक इतक्या थोडक्यात सांगितलेला मला आठवत नाही.

भागाकाराला मग वेळ लागला नाही. वर सात दोन, खाली तीन दोन. वरचे तीन खालच्या तिघांबरोबर गेले, उरले चार. म्हणून वजाबाकी. दोन पथ्ये मात्र पाळावी लागतात. पाया एकच हवा; दोनाच्या खांद्यावरचे पोर आणि पाचाच्या खांद्यावरचे पोर यांची हजेरी एका पटावर लागत नाही. आणि हे नियम गुणाकार-भागाकाराचे आहेत, बेरजेचे नाहीत. दोनाचा तिसरा घात आठ, चौथा सोळा. त्यांचा गुणाकार केला तर एकशे अठ्ठावीस, म्हणजे दोनाचा सातवा घात. पण नुसती बेरीज केली तर चोवीस, आणि चोवीस हा दोनाचा कोणताच घात नव्हे. घाईघाईने सूत्र लावणारे तिथेच फसतात.

शून्याशी येऊन मात्र गाडी पुन्हा अडली. खांद्यावर शून्य बसले तर उत्तर एक कसे? काहीच मांडले नाही तर शून्य यायला हवे, असे तिचे म्हणणे, आणि ते मुळीच अडाणीपणाचे नव्हते. तेव्हा आमच्या आजीची नाणी मदतीला आली. हिंगोली तेव्हा निजामाच्या मुलखात होती आणि व्यवहार हाली सिक्क्यात चाले. पण सोळा आण्यांचा रुपया तिकडेही होताच. सोळा रुपयांपासून निघायचे आणि प्रत्येक पायरीला निम्मे करायचे: सोळा, आठ, चार, दोन. खांद्यावरचा आकडा चारापासून एकेकाने उतरतो: चार, तीन, दोन, एक. आणखी एक पायरी उतरलो की खांद्यावर शून्य, आणि हातात? दोनाचे निम्मे, एक रुपया. रुपयालाच थांबायचे कारण नाही. पुढची पायरी अधेली, खांद्यावर उणे एक. मग पावली, उणे दोन. चवली, उणे तीन. आणा, उणे चार. उणे घातांक म्हणजे ऋण संख्या नव्हे. तो आपला भागाकार आहे, रुपयाच्या पोटातला. १९५७ साली दशमान नाणी आली आणि चवल्या-पावल्या हळूहळू गेल्या. सोयीचेच झाले, नाही कशाला म्हणा? पण उणे घातांक खिशात घेऊन हिंडणारी ती शेवटची पिढी.

घातांकांची माझी स्वतःची ओळख निघाली ती पिंगळामुळे. हा छंदःशास्त्राचा आद्य आचार्य. इसवी सनापूर्वी होऊन गेला असे मानतात. त्याला पडलेला प्रश्न अगदी आमच्या वर्गातला आहे. एका चरणात अमुक इतकी अक्षरे, आणि प्रत्येक अक्षर लघू तरी किंवा गुरू तरी. तर वेगवेगळे चरण होतील किती? एका अक्षराचे दोन, दोन अक्षरांचे चार, तिनांचे आठ. म्हणजे दोनाच्या खांद्यावर अक्षरांची संख्या. आपल्या शार्दूलविक्रीडिताच्या चरणात एकोणीस अक्षरे असतात. एकोणिसांचे हिशेब दुप्पट करत करत कोण बसणार? पिंगळाने युक्ती सांगितली. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक काढून ठेवा, आणि असे शून्यापर्यंत उतरा. मग उलट चढा: जिथे एक काढला होता तिथे दुप्पट, जिथे निम्मे केले होते तिथे वर्ग. एकोणीस, अठरा, नऊ, आठ, चार, दोन, एक. चढताना दोन, चार, सोळा, दोनशे छप्पन्न, पाचशे बारा; मग पाचशे बाराचा वर्ग आणि त्याची दुप्पट. झाले पाच लाख चोवीस हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी. इतक्या शक्य रचनांपैकी एका रचनेचे नाव शार्दूलविक्रीडित! आमच्या कन्येला ही चढ-उतार फार आवडली. तिच्या गणिताच्या वहीत त्या दिवसापासून ‘पिंगळाचा जिना’ असे एक पान झाले.

मार्चमध्ये आम्ही माझ्या सासुरवाडीला गेलो. गाव नर्सीच्या बाजूला आहे. नर्सी म्हणजे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते ते, कयाधूच्या काठचे. तिथे वारकरी येतात, तसे पंजाबातून शीख यात्रेकरूही येतात, कारण गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. दर्शन घेऊन पायरीवर बसलो असताना मी सवयीने मुलांना गोष्ट सांगितली. नामदेवांनी शतकोटी अभंग रचण्याचा पण केला होता, आणि जनाबाईसकट घरच्या सगळ्यांनी त्यात हात लावला, असे परंपरा सांगते. कन्येने लगेच बोटे मोडली. “शत म्हणजे दहाचा दुसरा घात, कोटी म्हणजे सातवा. शंभर वेळा कोटी. दोन आणि सात नऊ. बाबा, अब्ज!” मग ती आयुष्य मोजू लागली. नामदेवांचा काळ १२७० ते १३५०, ऐंशी वर्षे. ऐंशी वर्षांचे सेकंद अडीच अब्जांहून थोडे जास्त भरतात. म्हणजे जन्मल्यापासून, न झोपता, न जेवता, दर अडीच सेकंदांना एक अभंग!

ती हसली आणि मग जराशी ओशाळली. आपण देवळात बसलो आहोत याची तिला आठवण झाली असावी. पण नामदेवांना या हिशेबाचा राग आला असता असे मला वाटत नाही. आज त्यांच्या नावावर गाथेत मिळणारे अभंग अडीच हजारांच्या आसपास आहेत. म्हणजे पणाच्या खांद्यावर नऊ आणि गाथेच्या खांद्यावर तीन. सहा पायऱ्यांचे हे अंतर भरून काढायला नामदेव पुढे विठ्ठलाला घेऊन तुकारामांच्या स्वप्नात आले आणि उरलेले तू पुरे कर म्हणाले. तुकारामांच्या गाथेत साडेचार हजारांच्या घरात अभंग आहेत. दोघांची बेरीज केली तरी खांद्यावरचा तीन हलत नाही. तरीही कोणी म्हटले नाही की पण मोडला. भक्त मोठा आकडा बोलतो तो मोजण्यासाठी बोलतच नाही. मोजण्यासाठी बोललेले आकडे निराळे असतात, आणि ते बहुधा लहान असतात.

तसला एक लहान आकडा संध्याकाळी मामांच्या ओसरीवर माझ्या हाती आला. मामा म्हणजे मुलांचे मामा, माझे मेहुणे. अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती आणि सबंध घराला तिचा वास येत होता. मामांनी पेटीतून एक कागद काढला. “दाजी, ह्याच्यावर एक नजर टाका बरं. उद्या सही करायची आहे.”

बोअर आणि पाइपलाइन यांसाठी त्यांना दोन लाख हवे होते. विहिरीचे पाणी तळाला गेले होते, आणि हळद विकावी तर भाव पडलेला. पैसे देणारा माणूस ओळखीचा होता, दुसऱ्याच दिवशी रोख देणार होता. शेकडा तीन, दरमहा. चार वर्षांनी एकदम फेड. मामांचा हिशेब तोंडावर होता: “महिन्याचे सहा हजार, अठ्ठेचाळीस महिन्यांचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी. मुद्दल धरून चार लाख अठ्ठ्याऐंशी. महाग आहे, मला कळतंय. पण पाणी लागलं तर दोन हळदीत फिटतं.”

मी कागद वाचला. मराठीच्या माणसाचे लक्ष क्रियापदाकडे जाते. त्यात एक ओळ होती, की व्याज दरमहा मुद्दलात मिळवीत जावे. मी ती मोठ्याने वाचली. मामा म्हणाले, “तसं लिहायची पद्धतच आहे.”

कन्या माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती उठली आणि वही घेऊन आली. “मामा, मग हे सहा हजार दर महिन्याला वाढणार. शंभराचे एकशेतीन, पुढच्या महिन्यात एकशेतिनांवर व्याज. म्हणजे १.०३ च्या खांद्यावर अठ्ठेचाळीस.” तिने जिना मांडला: अठ्ठेचाळीस, चोवीस, बारा, सहा, तीन. तीन महिन्यांचे तिने हाताने काढले, शंभराचे एकशेनऊ रुपये सत्तावीस पैसे. आता वर्ग करत चढायचे. सहा महिन्यांनी एकशे एकोणीस रुपये एक्केचाळीस पैसे. वर्षाने एकशे बेचाळीस अठ्ठावन्न. “वर्षाला छत्तीस नाही मामा, साडेबेचाळीस.” दोन वर्षांनी दोनशेतीन रुपये अठ्ठावीस पैसे. ओसरीवर कोणी बोलेना. शेवटचा वर्ग तिने फोनवर पडताळून घेतला, चारशे तेरा रुपये तेवीस पैसे. दोन लाखांचे आठ लाख सव्वीस हजार चारशे पन्नास.

मामांनी कागदाकडे पाहिले, मग अंगणातल्या हळदीकडे. फरक तीन लाख अडतीस हजारांचा होता. सबंध मुद्दलाहून मोठा.

“असं कामून होतंय?” ते हळूच म्हणाले. रागावले नव्हते, त्यांना खरेच समजून घ्यायचे होते. कन्येने पुन्हा घातांक सांगायला सुरुवात केली, पण मामांनी तिला थांबवले आणि वाळवणातला एक गड्डा उचलला. “थांब पोरी. हा जेठा गड्डा. ह्याला हळकुंडं फुटतात, अन् त्या हळकुंडांना परत फुटतात. तसंच ना? मी नुस्ती गड्ड्याची हळकुंडं मोजत होतो.”

यापुढे मला शिकवण्यासारखे काही उरले नव्हते.

आपल्या पूर्वजांना हा धोका माहीत होता. व्याज धरून येणे मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जाऊ नये, असे मनुस्मृतीने घालून दिले आहे. दामदुप्पट म्हणतात ती हीच, आणि इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयांनीही हा नियम मानला. खांद्यावर बसलेल्या आकड्याला घातलेले ते कुंपण होते. या कागदातले येणे ते कुंपण चोविसाव्या महिन्यातच ओलांडत होते, आणि कागद तर अठ्ठेचाळीस महिन्यांचा. शतकोटींचा उरलेला भार ज्यांनी उचलला त्या तुकारामांच्या घरी पिढीजात सावकारी होती, आणि त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आहे. लहानपणापासून मी ती वैराग्याची कथा म्हणून वाचत आणि शिकवीत आलो. त्या रात्री ओसरीवर पडल्या पडल्या माझ्या मनात आले, की घरच्या वह्या लिहिणाऱ्या त्या वाण्याला खतांमधला एकेक आकडा किती फुटतो, हेही नेमके ठाऊक असले पाहिजे.

मामांनी सही केली नाही. मामींचा त्या रात्री फार जीव खालीवर झाला, कारण हातचा रोख पैसा जात होता आणि झाडे वाळत होती. सकाळी त्यांनी थोडी हळद पडत्या भावाने विकायची ठरवली. बाकीची बाजार समितीच्या गोदामात तारण ठेवून पैसे उचलले. बोअर झाले ते महिनाभर उशिरा. त्या महिन्यात आंब्याची चार कलमे गेली. तेवढी किंमत पडलीच.

परवा गणपतीत मामा आमच्याकडे आले होते. जेवणे झाल्यावर त्यांनी भाचीला जवळ बोलावले. “ते तुझं गणित ठेवीला लागतं का गं? का फक्त कर्जालाच?”

“लागतं की. पण वर्षाला सात टक्के धरले तर दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात.”

“अन् तिथं?”

“दोन.”

मामांनी सुपारीचा तुकडा गालात सरकवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तो जिना कोणाचा म्हणालीस त्या दिवशी? पिंगळ्याचा?”

“पिंगळ्याचा नाही मामा, पिंगळाचा! ऋषी होते ते, छंदःशास्त्र लिहिणारे.”

“असू दे,” मामा म्हणाले. “आमच्याकडं पिंगळा पहाट व्हायच्या आधी दारात येतो अन् पुढचं सांगून जातो. त्याला आम्ही सूपभर धान्य घालतो. तुझ्या ह्या पिंगळ्याला काय घालायचं ते तूच सांग.”

कन्येने क्षणभर विचार केला आणि आठवीची जुनी वही त्यांच्या पिशवीत ठेवून दिली. मामींना दाखवायला म्हणून.